ऑफिसमधला बाई-पुरुष भेद आणि ढिसाळ व्यवस्थापन: तक्रार कुठे करायची, कागदावर काय हवं?

अर्धविराम (धागाकर्ती)

या विषयावरचे धागे दर काही महिन्यांनी निघतात आणि दुसऱ्या पानापर्यंत "आमचा बॉस कसला खडूस" यावर येऊन अडकतात. म्हणून आधीच विनंती, किस्से नकोत. ज्यांनी एचआर, पगारपत्रकं, अंतर्गत समिती, कामगार कायदा यातलं काम केलंय त्यांनी नेमकं काय करायचं ते लिहावं.

सुरुवात मी करते. तीन वेगळ्या गोष्टी एकाच तक्रारीत कोंबल्या जातात आणि तिथेच तक्रार पडते.

एक, निव्वळ गचाळ व्यवस्थापन. संध्याकाळी सात वाजता उद्याची डेडलाइन, कामाची वाटणी तोंडी, प्राधान्यक्रम रोज बदलणार, चूक झाली की खालच्यावर. याचा त्रास सगळ्यांना होतो.

दोन, भेदभाव. काम तेच, पण पगार, बढती, मोठं खातं (म्हणजे मोठ्या क्लायंटचं काम), प्रशिक्षण, दौरा यांत बाईला वेगळा नियम.

तीन, लैंगिक छळ. याला २०१३ चा स्वतंत्र कायदा आणि स्वतंत्र समिती आहे.

पहिलीसाठी वरिष्ठ किंवा एचआर. दुसरीसाठी एचआरकडे लेखी तक्रार, मग कामगार खातं. तिसरीसाठी अंतर्गत समिती. बढतीची तक्रार घेऊन समितीकडे गेलात तर "आमच्या कक्षेत येत नाही" असं उत्तर मिळतं. उलट छळाची तक्रार एचआरला फोनवर सांगितली तर मुदतीचं घड्याळ चालूच राहतं आणि हातात कागद नसतो.

पहिली का दुसरी, हे ओळखायला एकच प्रश्न पुरतो: त्याच पदावरच्या, तेवढ्याच अनुभवाच्या पुरुषाला याच परिस्थितीत काय मिळालं? त्याचं उत्तर नाव आणि तारखेसकट देता आलं तर भेदभावाची तक्रार उभी राहते. नाही देता आलं तर निदान सध्या ती व्यवस्थापनाची तक्रार आहे, आणि तीही करण्यासारखी असतेच.

खतावणी

धागा वाचनखुणेत. नोंदी कशा ठेवायच्या त्याबद्दल लिहितो, कारण नव्वद टक्के तक्रारी तिथेच कच्च्या राहतात (हा आकडा माझ्या अंदाजाचा, कुठे उद्धृत करू नका).

नोंद त्याच दिवशी लिहायची. तारीख, वेळ, ठिकाण किंवा कॉल, हजर कोण, नेमके शब्द, त्यामुळे कामावर काय परिणाम झाला, आणि कागदोपत्री दुवा.

कच्ची नोंद अशी असते: "आज परत सगळ्यांसमोर अपमान. नेहमीचंच."

पक्की नोंद अशी: "मंगळवार, स. ११.१०, आढावा बैठक, हजर सहा (नावं). विषय नाशिकच्या क्लायंटचा दौरा. शब्द: 'मुक्काम करावा लागेल, तिला घरून जमायचं नाही, तू जा.' मला विचारलं नव्हतं. प्रस्ताव मी केला होता, अमुक तारखेचा ईमेल, विषय अमुक. परिणाम: खातं दुसऱ्याकडे गेलं, माझ्या वार्षिक उद्दिष्टांतलं तिसरं कलम आता पूर्ण होणार नाही."

दुसऱ्या नोंदीत एकही विशेषण नाही. "उद्धट", "पुरुषी मानसिकता" हे चौकशी करणाऱ्याला ठरवू द्या.

तोंडी झालेलं लेखी करून घ्यायचं. बैठक संपल्यावर तासाभरात चार ओळींचा ईमेल: "आजच्या चर्चेनुसार नाशिकचं खातं अमुककडे दिलं आहे. त्यामुळे माझ्या उद्दिष्टांतलं तिसरं कलम बदलावं लागेल, नवीन काय धरायचं ते कळवावं." यात आरोप नाही. उत्तर आलं तर पुरावा, नाही आलं तरी पाठवल्याची तारीख तुमची.

आणि एक धोका. ऑफिसचे ईमेल आणि फायली धडाधड स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका. गोपनीयता कराराचा भंग म्हणून उलट तुमच्यावरच कारवाई होते आणि मूळ तक्रार बाजूला पडते. वहीत ईमेलची तारीख, वेळ, विषय आणि पाठवणारा एवढं टिपा. चौकशीत "हा ईमेल सर्व्हरवरून काढावा" अशी लेखी मागणी करता येते. स्वतःचं नेमणूकपत्र, पगारवाढीची पत्रं, पगाराच्या स्लिपा, मूल्यमापनाचे शेरे मात्र आपलेच कागद आहेत, त्यांच्या प्रती घरी हव्यातच.

बाकावरचा

थोडी दुसरी बाजू. टीममध्ये चार माणसं असतात, त्यांतली एक बाई. तिला बढती मिळाली नाही म्हणजे लगेच भेदभाव कसा? काही वेळा समोरचा खरंच जास्त लायक असतो. प्रत्येक नकाराला हे लेबल लावलं तर खऱ्या तक्रारींचं वजन कमी होतं.

अर्धविराम

@बाकावरचा, एका नकारावरून सिद्ध होत नाही हे मान्य. पण मग मॅनेजरने निकष आधी लेखी दिलेले असायला हवेत ना? पद जाहीर झालं का, अर्ज मागवले का, गुण कोणी दिले, हे कुठेच नसेल तर "तो जास्त लायक होता" हेही सिद्ध होत नाही. ढिसाळ व्यवस्थापन आणि भेदभाव यांचा संबंध इथे आहे. निकष नसले की निर्णय ओळखीवर, सिगारेटच्या ब्रेकवर आणि रात्रीच्या पार्टीवर होतो, आणि तिथे बायका मुळात कमी असतात. कोणी मुद्दाम वाईट वागलं नाही तरी परिणाम तोच.

बाकावरचा

हे पटलं. निकष लेखी मागणं हा मुद्दा कुठलाही मॅनेजर नाकारू शकत नाही. नाकारलं तर तोच उघडा पडतो.

सोमवार_सकाळ

वार्षिक मूल्यमापनावर लिहिते, खरा खेळ तिथेच होतो.

बहुतेक मोठ्या कंपन्यांत क्रम असा: तुम्ही स्वतःचं मूल्यमापन भरता, मॅनेजर त्याचा शेरा आणि श्रेणी टाकतो, मग सगळे मॅनेजर एका खोलीत बसून श्रेण्या "सारख्या" करतात, कारण वरच्या श्रेणीत ठरावीक टक्केच लोक बसवायचे असतात. या तिसऱ्या बैठकीत तुम्ही नसता. तिथे जो मॅनेजर आकडे घेऊन बसतो त्याची माणसं वर राहतात. म्हणून स्वमूल्यमापन मॅनेजरला वाचायला म्हणून लिहू नका. त्याला त्या खोलीत जसंच्या तसं वाचून दाखवता येईल असं लिहा. पाच ओळी, प्रत्येकीत काम, आकडा, तारीख, कोणाला फायदा. "टीमला मदत केली" याला तिथे शून्य किंमत.

शेरे वाचताना दोन रंगांची पेनं घ्या. कामाच्या निष्पत्तीबद्दलची वाक्यं एका रंगाने, स्वभावाबद्दलची दुसऱ्याने. "आवाज चढतो", "फार भावनिक", "सगळ्यांशी जुळवून घ्यावं", "घरच्या जबाबदाऱ्यांमुळे मर्यादा" ही दुसऱ्या रंगाची. सगळा शेरा दुसऱ्या रंगाचा असेल आणि श्रेणी खाली आली असेल तर तक्रारीचा गाभा सापडला. घरच्या जबाबदाऱ्यांचा उल्लेख लेखी शेऱ्यात आला असेल तर त्याचा स्क्रीनवरचा संदर्भ क्रमांक लगेच टिपा. असं वाक्य नंतर "सुधारलं" जातं.

श्रेणी पटली नाही तर प्रणालीत "मान्य" दाबू नका. बहुतेक ठिकाणी टिप्पणीची चौकट असते आणि ती ठरावीक दिवसच उघडी राहते. तिथे लिहायचं: "श्रेणीशी असहमत. उद्दिष्ट १, २, ४ पूर्ण, तारखा अशा. उद्दिष्ट ३ माझ्याकडून अमुक तारखेला काढून घेतलं, पर्यायी उद्दिष्ट मागूनही दिलं नाही." खतावणींनी सांगितलेला चार ओळींचा ईमेल इथे कामाला येतो.

निकष वरून सारखे दिसले तरी भेदभाव असू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने लेफ्टनंट कर्नल नितीशा प्रकरणात मार्च २०२१ मध्ये सांगितलं. लष्करातल्या महिला अधिकाऱ्यांचे गोपनीय अहवाल वर्षानुवर्षं हलगर्जीपणे लिहिले गेले होते, कारण त्यांना कायम कमिशन (म्हणजे निवृत्तीपर्यंतची सेवा) मिळणारच नव्हतं. नंतर कायम कमिशनसाठी नेमके तेच अहवाल वापरले. न्यायालयाने याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटलं. तो निकाल सरकारी सेवेचा आहे, खासगी कंपनीला जसाच्या तसा लागू होणार नाही. पण "मोठं काम द्यायचं नाही आणि मग मोठं काम केलं नाही म्हणून श्रेणी खाली" ही गोष्ट समजावून सांगायला याहून स्पष्ट उदाहरण नाही.

दुपारचा_डबा

दोन पेनांची युक्ती झकास. यात एक भर: केक आणणं, निरोपसमारंभ, नवीन मुलांना शिकवणं, बैठकीचं इतिवृत्त, दिवाळीची सजावट. ही कामं कोणी वाटून दिलेली नसतात आणि तरी दर वेळी त्याच दोघीतिघींकडे जातात. "मला नको" म्हणण्यापेक्षा पाळीपत्रक मागा. वर्णानुक्रमे नावं, दर बैठकीला इतिवृत्त लिहिणारा पुढचा. आणि नवीन माणसांना शिकवायचं काम तुमच्याकडेच ठेवायचं असेल तर ते उद्दिष्टांत तासांसकट घाला. नाहीतर ते वर्षाच्या शेवटी हवेत जातं.

पगारपत्रक

समान कामाला समान पगार. कायद्याची स्थिती नुकतीच बदललीय म्हणून सविस्तर.

१९७६ चा समान वेतन कायदा होता. आता तो वेतन संहिता, २०१९ मध्ये सामावला गेला आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कलम ३ म्हणतं की एकाच मालकाकडे, समान किंवा समान स्वरूपाच्या कामासाठी, लिंगावरून वेतनात भेद करता येणार नाही. समान स्वरूपाचं काम म्हणजे कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी सारखी. पदनाम सारखं असायची गरज नाही. फरक मिटवायला कोणाचा पगार कमी करता येत नाही. संहितेतल्या व्याख्येत व्यवस्थापकीय पदावरचेही येतात, त्यामुळे "तुम्ही कामगार नाही" हे उत्तर इथे चालत नाही. वेतनाच्या दाव्याची मुदत तीन वर्षं.

एक गोम आहे. जुन्या कायद्यात भरतीनंतरची बढती, प्रशिक्षण, बदली हे शब्द स्पष्ट होते. संहितेत ते तसे नाहीत. महाराष्ट्रात मात्र २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात भरती, प्रशिक्षण, बदली, बढती आणि वेतन यांत महिलांशी भेद करू नये असं आहे. बढतीची तक्रार असेल तर त्याचा आधार घ्या, फक्त आपल्या पदाला तो लागू होतो का हे वकिलाकडून तपासून घ्या.

पदनामाची पळवाट जुनीच. मुंबईतलं मॅकिनन मॅकेन्झी विरुद्ध ऑड्री डिकॉस्टा हे प्रकरण बघा, सर्वोच्च न्यायालय, १९८७. कंपनीत पुरुष लघुलेखक होते आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे काम करणाऱ्या बायकांचं "गोपनीय महिला लघुलेखक" असं वेगळं पद होतं, पगार कमी. कंपनी म्हणाली पद वेगळं, संघटनेशी करारही झालाय, शिवाय आमची आर्थिक परिस्थिती बिकट. न्यायालयाने तिन्ही कारणं फेटाळली. काम बघा, पाटी बघू नका, असा त्याचा अर्थ.

तुलना करताना चार आकडे वेगळे काढा: मूळ पगार, ठरावीक भत्ते, कामगिरीवर मिळणारी रक्कम, आणि रुजू होतानाचा बोनस किंवा शेअर. फरक बहुतेक वेळा पहिल्या दिवसाच्या आकड्यात असतो. रुजू होताना मागच्या पगारावर टक्केवारी लावतात, मग पुढची प्रत्येक टक्केवारी त्याच कमी आकड्यावर बसते. त्यामुळे "या वर्षी सगळ्यांना आठ टक्के दिले" हे खरं असूनही दरी रुंदावते.

सहकाऱ्याचा पगार कळणार कसा? गुपचूप एक्सेल पाठवणं धोक्याचं. पण कंपनी शेअर बाजारात बाजारमूल्यानुसार पहिल्या हजारात असेल तर तिच्या वार्षिक अहवालात शाश्वततेचा जो विभाग असतो, त्यात पुरुष आणि महिला कर्मचाऱ्यांचा मध्यक पगार (सगळे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) वेगवेगळा छापावा लागतो. पालकत्वाच्या रजेनंतर किती जणी कामावर परतल्या आणि किती टिकल्या, तेही. अहवाल कंपनीच्या संकेतस्थळावर असतो, कोणाची परवानगी लागत नाही. तुमच्या टीमचा आकडा मिळत नाही, पण "आमच्याकडे असं काही नाही" या वाक्याला उत्तर मिळतं.

घड्याळजी

बाळंतपणाच्या रजेचं कोणीतरी लिहा.

सोमवार_सकाळ

थोडक्यात. पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवडे, त्यातले जास्तीत जास्त ८ प्रसूतीआधी. दोन मुलं हयात असतील तर पुढे १२ आठवडे. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं हवं. रजेवर असताना काढून टाकता येत नाही आणि सेवाशर्ती तिच्या तोट्याच्या करता येत नाहीत. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघर, दिवसातून चार वेळा जायची मुभा. १९६१ चा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण हे आकडे तेच.

प्रत्यक्ष गोंधळ परतल्यावर होतो. खातं दुसऱ्याकडे, हाताखालचे लोक दुसऱ्याकडे, आणि श्रेणी "मध्यम", कारण सहा महिने काम दिसलं नाही. रजेवर जाण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: आत्ताची जबाबदारी आणि टीम, परतल्यावर कुठलं पद, आणि या वर्षाचं मूल्यमापन किती महिन्यांच्या कामावर होणार. तिसरी सगळे विसरतात.

निवारण

अंतर्गत समितीवर बाह्य सदस्य म्हणून जे नियम रोज लागतात ते लिहिते.

दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे समिती हवीच, प्रत्येक शाखेत वेगळी. अध्यक्ष वरिष्ठ महिला कर्मचारी, किमान दोन कर्मचारी सदस्य, एक बाहेरचा सदस्य, आणि एकूण निम्म्या तरी महिला. दहापेक्षा कमी लोक असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. केंद्र सरकारच्या शी-बॉक्स पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते.

मुदत: शेवटच्या घटनेपासून तीन महिने. समितीला कारणं नोंदवून आणखी तीन महिने वाढवता येतात. तक्रार लेखी, सहा प्रतींत, सोबत कागदपत्रं आणि साक्षीदारांची नावं-पत्ते. लिहिता येत नसेल तर समितीने मदत करायची असते. सात कामाच्या दिवसांत प्रत समोरच्याला जाते, त्याला उत्तराला दहा कामाचे दिवस. चौकशी ९० दिवसांत, अहवाल त्यानंतर १० दिवसांत, मालकाची कारवाई ६० दिवसांत. वकील कोणालाच आणता येत नाही. अपील ९० दिवसांत.

"हात लावला नाही मग छळ कसला" हे वाक्य फार ऐकू येतं. कायद्यात लैंगिक शेरे येतात. लैंगिक वर्तनाशी जोडून नोकरीची धमकी, कामात अडथळा, किंवा भीती वाटेल असं वातावरण तयार करणंही येतं. पण "बायकांना गणित जमत नाही" एवढ्याच वाक्यावर समिती दर वेळी कक्षा मानेल असं नाही. तिथे अर्धविरामांनी म्हटलेलं दुसरं दार.

बिघडतं कुठे? एचआर म्हणतं "आधी आम्ही बोलून मिटवतो". समेट फक्त तक्रारदार बाईने मागितला तरच होतो, आणि त्यात पैशांची देवाणघेवाण करता येत नाही. दुसरं, सुनावणीला किमान तीन सदस्य आणि त्यात अध्यक्ष हव्यात, नाहीतर अहवाल अपिलात कोसळतो. तिसरं, अंतरिम दिलासा कोणी मागतच नाही. चौकशी चालू असताना बदली, तीन महिन्यांपर्यंत जादा रजा, आणि सगळ्यात उपयोगी म्हणजे समोरच्याने तिचं मूल्यमापन लिहू नये, असा आदेश समिती सुचवू शकते. पण लेखी मागावं लागतं. तक्रारीच्या शेवटच्या परिच्छेदातच मागा.

खोट्या तक्रारीवर कारवाई होते म्हणून घाबरवतात. केवळ सिद्ध करता आली नाही म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, हे कायद्यात स्पष्ट लिहिलंय.

घड्याळजी

आणि पुरुष कर्मचाऱ्याला त्रास झाला तर?

निवारण

२०१३ चा कायदा फक्त महिला तक्रारदारांसाठी. पुरुषाने कंपनीच्या आचारसंहितेखाली तक्रार करायची. काही कंपन्यांचं धोरण सर्वांसाठी सारखं असतं, आधी ते वाचा.

खतावणी

भेदभावाच्या तक्रारीचा नमुना टाकतो. इंग्रजीत लिहा किंवा मराठीत, रचना हीच:

"विषय: अमुक पदाच्या निवडीबाबत लेखी तक्रार.
१. मी अमुक तारखेपासून या पदावर आहे. मागील तीन वर्षांच्या श्रेणी अशा.
२. अमुक तारखेला हे पद भरलं. ते जाहीर झालं नव्हतं, अर्ज मागवले नव्हते.
३. निवडलेल्या सहकाऱ्याचा आणि माझा अनुभव, पात्रता, जबाबदारी यांची तुलना सोबत जोडली आहे.
४. अमुक तारखेच्या बैठकीत माझ्या कौटुंबिक जबाबदारीचा उल्लेख करून मला वगळलं गेलं. हजर व्यक्तींची नावं सोबत आहेत.
५. मागणी: निवडीचे लेखी निकष द्यावेत, निर्णयाचा फेरविचार संबंधित मॅनेजर सोडून दुसऱ्या अधिकाऱ्याने करावा, आणि १५ कामाच्या दिवसांत लेखी उत्तर मिळावं."

दीड पानाच्या वर जाऊ नका. मागणी नसलेली तक्रार "समुपदेशन केले" असा शेरा मारून बंद होते. एचआरसोबत त्यांच्या वरिष्ठांनाही प्रत ठेवा, पण अख्ख्या विभागाला नको, तिथे बदनामीचा मुद्दा काढतात.

दुपारचा_डबा

राजीनामा द्यायची वेळ आली तर? "वैयक्तिक कारणास्तव" लिहायचं की खरं कारण?

पगारपत्रक

तक्रार प्रलंबित असेल तर "वैयक्तिक कारणास्तव" लिहू नका, पुढे तोच कागद तुमच्याविरुद्ध दाखवतात. "अमुक तारखेच्या तक्रारीवर कारवाई न झाल्याने" एवढं एक वाक्य, बाकी सभ्य भाषा. तक्रार नसेल आणि फक्त निघायचं असेल तर कारण द्यायची सक्तीच नाही, शेवटचा दिवस कोणता एवढं लिहा. वेतन संहितेनुसार राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत वेतनाचा हिशेब चुकता करायचा असतो, पण "मला कोणतीही तक्रार वा देणं शिल्लक नाही" अशा छापील कागदावर सही मागितली तर आकडे जुळवल्याशिवाय करू नका. तक्रार चालू असेल तर सहीशेजारी "तक्रारीबाबतचे हक्क राखून" असं हाताने लिहा आणि फोटो काढून ठेवा.

निवारण

समितीकडच्या तक्रारीबद्दलही तेच. राजीनाम्याने ती आपोआप बंद होत नाही. फक्त ऑफिसचा ईमेल बंद होणार हे लक्षात घेऊन समितीला आधीच स्वतःचा पत्ता आणि फोन लेखी कळवा. नोटिसा जुन्या ईमेलवर जातात, आणि सलग तीन सुनावण्या चुकल्या की समिती पंधरा दिवसांची नोटीस देऊन चौकशी संपवू शकते.